कडी आणि तबकडी

माझ्या लहानपणी वस्तुसंग्रहालय म्हणजे काचेची कपाटे आणि त्या काचेला टेकलेले आपले नाक. ‘हात लावू नये’ ही पाटी मी इतक्यांदा वाचली, की पुढे शिक्षक झाल्यावर ती न लिहिताच माझ्या वर्गाच्या दारावर लागली. हाताची घडी, तोंडावर बोट!

त्यामुळे मे महिन्यात मुलांच्या हट्टाखातर आम्ही सहकुटुंब वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात गेलो, तेव्हा आत शिरताच मी बुजलो. येथली प्रत्येक वस्तू ‘मला फिरवा, ओढा, दाबा’ म्हणून आर्जव करीत होती. बाहेरचे उद्यान १९७९ सालचे. केंद्राचे उद्घाटन राजीव गांधींच्या हस्ते १९८५ च्या नोव्हेंबरात झाले. म्हणजे इतकी वर्षे ही मौज लोकलच्या तिकिटाच्या अंतरावर होती, आणि मी मुलांना पुस्तकातली चित्रे दाखवीत होतो.

या ‘हात लावा’ पंथाचे एक गाजलेले संग्रहालय सॅन फ्रान्सिस्कोत १९६९ साली निघाले. काढणारा फ्रँक ओपनहायमर, अणुबाँबवाल्या ओपनहायमरचा धाकटा भाऊ. राजकीय मतांपायी विद्यापीठाचे दरवाजे बंद झाले, तेव्हा तो गुरे पाळीत होता आणि पुढे गावातल्या शाळेत शिकवीत होता. ही हकिकत मी सौभाग्यवतीला जरा ठासूनच सांगितली. शाळामास्तरांविषयी घरात आदर वाढवण्याची संधी मी सहसा दवडत नाही. पण ती वाकड्या आरशापुढे उभी होती. “अहो, लग्नात मी एवढीच बारीक होते ना?” एवढेच ती म्हणाली.

आईचे गुडघे दुखू लागले होते, म्हणून तिला एका बाकावर बसवले. समोरच एक उतरती फळी होती. फळीच्या माथ्यावर दोन चाके: एक भरीव तबकडी, दुसरी नुसती कडी. घेर सारखा, वजनही सारखे.

“बाबा, आधी खाली कोण पोचेल?” माझ्या मुलीने विचारले.

“दोन्ही एकदम,” मी वर्गातल्या आवाजात म्हणालो. “गॅलिलिओने केव्हाच सांगून ठेवलंय.”

तिने दोन्ही सोडली. तबकडी खाली पोचली तेव्हा कडी वाटेतच होती. फळी कलती असेल, म्हणून मी चाकांच्या बाजू बदलल्या. पुन्हा तबकडीच! तिसऱ्यांदाही तेच. धाकटा टाळ्या पिटू लागला. मुलगी मात्र हळूच म्हणाली, “बाबा, तुम्ही करून पाहिलं होतंत?”

हा प्रश्न मला नवा नव्हता.

काही वर्षांपूर्वी विज्ञानाचे शिक्षक रजेवर होते आणि त्यांचा तास माझ्या गळ्यात पडला. माझे शास्त्र मॅट्रिकपुरते, भाषेचा मास्तर मी. जड आणि हलके पदार्थ सारख्याच वेगाने पडतात, असे पुस्तकातून वाचून दाखवले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “सर, खडू आणि कागद सोडून बघू?” मी घाबरलो. कागद तरंगत येणार हे मला दिसत होते, आणि का ते सांगता येत नव्हते. कागदाचा बोळा केला की हवेचा अडथळा कमी होतो, एवढे सुचले असते तरी निभावले असते. “पुस्तक खोटं का?” असे ओरडून मी त्याला घंटा होईपर्यंत बाकावर उभे केले. त्यानंतर वर्षभर त्याने मला काही विचारले नाही. १९७१ साली डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडा आणि ससाण्याचे पीस एकदम सोडून पाहिले. दोन्ही एकदमच टेकली. पुस्तक त्यानेही वाचले असेलच की!

मी फळीपाशी तसाच उभा होतो. एवढ्यात आई बाकावरून म्हणाली, “अरे, कुंभाराचं चाक आठव. काठाला माती थापून जड करतात. सुरू करताना काठीनं केवढा जोर लावावा लागतो!”

मी पाहतच राहिलो. कडीचे सारे वजन काठावर; ते फिरवण्यातच तिचा बराच जोर खर्ची पडतो, म्हणून ती मागे राहते. तबकडीचे वजन मध्यापर्यंत पसरलेले. ती चटकन फिरू लागते. गॅलिलिओ खोटा नव्हता. पडणे वेगळे आणि गडगडत जाणे वेगळे, हे मला ठाऊक नव्हते, इतकेच. आणि शाळेची पायरी न चढलेल्या माझ्या आईने ते पदराशी चाळा करीत सांगून टाकले.

घरी परतल्यावर मुलांनी कपाटाची सुटी फळी डब्यावर टेकवली. रुपयाचे नाणे माझे, काचेची बांगडी सौभाग्यवतीच्या पेटीतली. नाणे हलके, तरी दर वेळी तेच पुढे. मी खाली बसून दोन्ही झेलीत होतो आणि राहून राहून मागच्या बाकावरचा तो चेहरा आठवत होता. त्याचे आडनाव आठवेना. नाव मात्र आठवले.

सहाव्या शर्यतीत माझा हात चुकला आणि बांगडी फरशीवर वाढवली गेली. मुले गप्प झाली. सौभाग्यवती आतून आली, तुकडे वेचले, आणि पेटीतली दुसरी बांगडी काढून मुलीच्या हातात दिली.