डुलू द्या की जरा

बऱ्याच दिवसांत इकडे काही लिहिलं नाही. आळस हे नेहमीचं कारण आहेच, पण यावेळी दुसरंही आहे. गेला महिना-दीड महिना मी पेटंट ऑफिसच्या एका पत्राला उत्तर लिहितोय. सरकारी पत्र आलंय म्हटल्यावर आईने पहिला प्रश्न विचारला, "दंड किती?" दंड नाही. पण पत्र वाचल्यापासून मला झोप नीट लागत नाहीये हे खरं.

आत्या आणि इतर नातेवाईक मंडळी हे वाचतात (आणि लग्नकार्यात भेटल्यावर 'तू नक्की करतोस काय?' असं विचारतात), म्हणून आधी आमचा धंदा सांगतो. इंजिनिअर मित्रांनी एक परिच्छेद गाळला तरी चालेल.

तुम्ही फोनवर व्हिडिओ बघता तेव्हा तो कुठल्यातरी डेटा सेंटरमधून काचेच्या तंतूतून प्रकाशाच्या रूपात येतो. विजेचा प्रकाश आणि प्रकाशाची वीज करणारी एक चपटी धातूची डबी असते, तिला ऑप्टिकल मॉड्यूल म्हणतात. रुंदी जेमतेम १८ मिलिमीटर. आम्ही ज्यावर काम करत होतो ती ४०० गिगाबिटवाली डबी साधारण १२ वॅट खाते, म्हणजे घरातल्या एलईडी बल्बाएवढी. पण अशा ३२ डब्या पावणेदोन इंच उंचीच्या एका स्विचच्या तोंडाशी दाटीवाटीने बसवलेल्या असतात. आणि आत लेझर असतो, ज्याला उकाडा अजिबात सोसत नाही. तापला की त्याची तरंगलांबी सरकते, प्रकाश कमी पडतो, आयुष्य घटतं. डबीचं अंग ७० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, असा साधारण दंडक. तिच्या डोक्यावर फिनवाला हीटसिंक बसतो आणि पंखा त्यावरून हवा ओढतो. ही हवा ओढायची आणि उष्णता बाहेर काढायची व्यवस्था म्हणजे माझी नोकरी.

तर झालं असं. २०२१चा पावसाळा. आमच्या स्विचमधल्या काही डब्या सत्तरीच्या पुढे जात होत्या. मी सिम्युलेशनवर सिम्युलेशन करत होतो. फिन उंच केल्या, पातळ केल्या, खिळ्यांसारख्या केल्या, तांब्याच्या केल्या. संगणक म्हणायचा ६४ अंश, प्रत्यक्षात थर्मोकपल दाखवायचं ७३. दोन महिने गेले. मॅनेजर रोज यायचे, काही न बोलता उभे राहायचे आणि जायचे. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

आमच्या टूलरूममध्ये एक मामा होते. सातारकडचे, आयुष्य डाय-फिटिंगमध्ये गेलेलं. एका दुपारी ते माझ्या टेबलाशी आले, तो हीटसिंक हातात घेऊन उलटा-पालटा केला आणि म्हणाले, "सर, ही डबी घेऊन जाऊ का जरा?" अर्ध्या तासाने परत आले. डबीच्या माथ्यावर त्यांनी ब्लू मॅचिंगची निळी पातळ लावली होती. डाय-फिटर दोन तोंडं एकमेकांवर नीट बसतात का ते बघायला लावतात तीच. डबी पिंजऱ्यात सरकवली, बाहेर काढली, आणि हीटसिंकचं बूड मला दाखवलं.

निळी फक्त मागच्या कडेला लागली होती. एक पट्टी, काडेपेटीतल्या काडीएवढी. बाकी सगळं बूड कोरं.

"फिन तुमच्या झ्याक हायेत सर," मामा म्हणाले, "पन बूडच टेकत न्हाई."

याचं गांभीर्य कळायला एक गोष्ट सांगायला हवी. संगणकात प्रोसेसरवर हीटसिंक बसवताना मधे पेस्ट लावतात. इथे ते जमत नाही. डबी चालू स्विचमध्ये आत-बाहेर सरकवायची असते, पेस्ट पुसली जाईल. म्हणून धातूवर धातू कोरडाच घासतो आणि वरून एक स्प्रिंग क्लिप दाबते. धातू टेकला नाही की मधे हवा, आणि तांब्याच्या तुलनेत हवेतून उष्णता जवळजवळ जातच नाही म्हणा ना. डबी आत सरकताना हीटसिंकला उचलत होती, आणि आमची क्लिप त्याला कडेला अशी दाबत होती की तो तिरका अडकून बसत होता. माझ्या सिम्युलेशनमध्ये तो कायम सपाट बसलेला होता, कारण तो तसा बसतो असं मीच गृहीत धरलं होतं.

मी विचारलं, मग क्लिप अजून घट्ट करूया का? मामा हसले. "घट्ट केला तर अजून तिरका धरंल. मधी एका ठिकानी दाबा. डुलू द्या की त्याला जरा. त्याचं त्योच बसंल."

पुढचं काम माझं. मधे दाब देणारा बाक किती गोल हवा, स्प्रिंगचा जोर किती, डबी सरकवताना हाताला जड लागू नये म्हणून पुढची कड किती उतरती, हे सगळं मी काढलं. तीन आठवडे लागले. डब्या सत्तरीच्या खाली आल्या.

२०२२च्या सुरुवातीला पेटंटचा अर्ज गेला. (अर्ज आता १८ महिने उलटून रीतसर प्रसिद्ध झालेला आहे, त्यामुळे इथे लिहून मी कुठलं गुपित फोडत नाहीये.) फॉर्मवर शोधकर्त्याची नावं लिहायची असतात. मीटिंगमध्ये कोणीतरी विचारलं, "टूलरूमवाल्यांनी फक्त टेस्टिंग केलं ना?" कायद्याच्या दृष्टीने प्रश्न रास्त होता. सांगितलेली चाचणी करून देणारा माणूस शोधकर्ता ठरत नाही, कल्पना ज्याच्या डोक्यात आली तो ठरतो. मी म्हणालो, "हो, म्हणजे... तसंच."

आणि सही केली.

अर्ज केल्याबद्दल कंपनीने मला बक्षिसाची रक्कम दिली. त्यात आम्ही घरी इन्व्हर्टर घेतला. २०२३मध्ये मामा रिटायर झाले. शाल-श्रीफळ झालं, मी भाषणही केलं. काय बोललो ते आता आठवत नाही, आणि तेच बरं आहे.

आता ते पत्र. तपासणी अधिकाऱ्याने दोन जुनी पेटंटं पुढे ठेवली होती. एकात डब्यांच्या पिंजऱ्यावर स्प्रिंगने दाबलेला हीटसिंक. दुसऱ्यात प्रोसेसरवर बसणारा, मधल्या एका बिंदूवर डुलणारा हीटसिंक. दोन्ही एकत्र करणं या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचलं असतं, सबब शोधाची पायरी नाही. शिवाय कलम ३(च) म्हणतात ते, इंग्रजीत ३ (एफ): माहीत असलेल्या वस्तूंची नुसती फेरमांडणी हा शोध नव्हे. या धंद्यात हे नेहमीचंच आहे. डबीची बाहेरची मापं सगळ्या कंपन्यांनी मिळून ठरवलेली, उष्णतेचे नियम जुने, तांबं-ॲल्युमिनियम तेच. त्यामुळे नवीन फिन काढली म्हणून नाचत जावं, तर तसल्या फिनचं चित्र आधीच कुठेतरी निघालेलं असतं.

यावर भांडता आलं असतं. मला झोपू देत नव्हतं ते पुढचं वाक्य. अधिकारी म्हणत होते की हीटसिंक तिरका बसतो ही अडचण जुनीच आहे, अर्जदार स्वतःच ती 'पार्श्वभूमी'मध्ये नोंदवतो.

मी अर्ज काढून पाहिला. खरंच. पार्श्वभूमी या भागात, जिथे आधीपासून जगाला काय ठाऊक आहे ते लिहितात, तिथे एक ओळ होती: काही वेळा संपर्क असमान असू शकतो. निळीची दुपार अख्खी त्या एका ओळीत, आणि तीही चुकीच्या खोलीत. ती माहिती जगाला नव्हती. ती मामांना होती, आणि त्या दिवसानंतर मला.

आमच्या पेटंट एजंट बाईंनी मला एक जुना अमेरिकन खटला सांगितला. आयबेल नावाचा गृहस्थ, कागद गिरणीतला. त्याला १९०७मध्ये पेटंट मिळालं. यंत्र जोरात चालवलं की कागद बिघडायचा. आयबेलच्या लक्षात आलं की लगदा त्याखालच्या धावत्या जाळीपेक्षा मागे पडतोय. त्याने जाळीला चांगला उतार दिला, लगदा जाळीच्या वेगाने वाहू लागला, कागद सुधारला. विरोधक म्हणाले, उतारात काय नवीन? पाणी निथळायला थोडा उतार तर आधीपासून देत होते. १९२३मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने पेटंट राखलं. निकाल सरन्यायाधीश टाफ्ट यांचा. दुखणं नेमकं कुठे आहे हे ओळखण्यातच शोध होता, असा त्याचा रोख. हा निकाल आपल्या ऑफिसला बांधील नाही, पण बाई म्हणाल्या की आपलं उत्तर याच वाटेने जायला हवं. मग त्यांनी विचारलं, "निळीचे फोटो आहेत का?"

आहेत, माझ्या फोनमध्येच.

"ही चाचणी करा असं त्यांना कोणी सांगितलं होतं?"

मी जरा वेळ गप्प बसलो. "कोणी नाही."

"आणि डुलू द्या हे कोण म्हणालं?"

"तेच."

"मग फॉर्मवर त्यांचं नाव का नाही?" बाई रागावल्या नव्हत्या, त्या टिपण काढत होत्या. कलम २८, फॉर्म ८. शोधकर्ता म्हणून नाव घालण्याची विनंती करता येते, पण पेटंट मंजूर होण्याआधीच. अर्जदाराची म्हणजे कंपनीची संमती, आणि त्या माणसाची सही. त्याने पेटंटवर कुठलाही हक्क मिळत नाही, नुसतं नाव.

गेल्या रविवारी मी मामांच्या गावी गेलो. ते पाण्याच्या मोटरीचं सील बदलत बसले होते. काकूंनी चहा केला. मी लांबण लावून सगळं सांगितलं. मामा हात पुसत ऐकत होते. मधेच म्हणाले, "ठाव हाय सर. नोटीस बोर्डावर तुमचा फोटो लागला व्हता की."

यावर काय बोलायचं असतं, कोणाला माहीत असेल तर कळवा.

बक्षिसाच्या रकमेचा निम्मा भाग मी पाकिटात घालून नेला होता. त्यांनी नको-नको केलं नाही. नोटा मोजल्या, बंडीच्या खिशात ठेवल्या, आणि चष्मा लावून अर्जातली आकृती बघायला लागले. बराच वेळ. मग आकृती ३वर बोट ठेवलं, "ह्यो बाक उलटा काढलाय बगा." उलटा नव्हता, छेद खालून दाखवला होता. तसं सांगितल्यावर त्यांनी कागद फिरवून पाहिला, तरी चेहऱ्यावरून काही पटलेलं दिसलं नाही.

"कागद मिळतो का काही?" त्यांनी विचारलं. मिळतो. २०२४च्या नव्या नियमांत शोधकर्त्याला स्वतःच्या नावाचं प्रमाणपत्र मागता येतं, त्याआधी तशी सोय नव्हती. पण पेटंट मंजूर झालं तर. हे 'तर' मी दोनदा सांगितलं. त्यांनी सही केली, आडनाव पूर्ण, अक्षर टूलरूमच्या रजिस्टरमध्ये असायचं तसंच कोरून काढलेलं.

कंपनीची सही अजून व्हायची आहे. आधीचं डिक्लरेशन चुकीचं होतं हे मान्य करावं लागेल, म्हणून लीगलवाले 'बघतो' म्हणालेत. आधीचं डिक्लरेशन माझं होतं, हे मी त्यांना ईमेलवर लिहून दिलंय. उत्तराची मुदत या महिनाअखेरपर्यंत आहे. निळीचे फोटो जोडलेत. सोमवारी परत लीगलच्या दारात जाऊन उभा राहणार आहे, आमच्या मॅनेजरांसारखा, काही न बोलता.