दमा गेल्यावर

माझा भाचा 16 वर्षांचा आहे, इंदूरच्या सुदामा नगरात राहतो. लहानपणी थंडी पडली की त्याची छाती वाजायची. ताई रात्र रात्र त्याला खांद्याशी धरून बसायची. बाराव्या वर्षानंतर सगळं आपोआप थांबलं. आता तो फूटी कोठीवरून सायकल दामटत येतो. आजी कौतुकानं सांगते, "गेला बाई त्याच्या अंगातून दमा."

तिचा आनंद खोटा नाही. मूल वाढतं तशा श्वासनलिकाही रुंदावतात आणि किशोरवयात, विशेषतः मुलग्यांमध्ये, त्रास अनेकदा मावळतो. पण रंगपंचमीला राजवाड्यावर गेर म्हणजे रंगांची मिरवणूक निघते, यंत्रांतून उडालेला गुलाल घरांच्या गच्च्यांपर्यंत पोचतो आणि त्या रात्री यालाच कोरडा खोकला लागतो, मित्रांना नाही. गहू निघाल्यावर शेतांत नरवाई म्हणजे उरलेली धाटं पेटते, तेव्हाही तेच. पहाटे दशहरा मैदानावर धावताना काही होत नाही. थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी छाती आवळते. तो पाठ फिरवून बुटांच्या नाड्या बांधत बसतो. नाड्या सुटलेल्या नसतात.

असं का होतं? 2001 साली नेदरलंड्समधल्या डॉक्टरांनी दमा सुटलेल्या तरुणांच्या श्वासनलिकेच्या अस्तराचे बारीक तुकडे तपासले. त्यांना त्रास नव्हता, औषध चालू नव्हतं, तरी अस्तरात दाहाच्या पेशी ठाण मांडून होत्या. अशा नळ्यांना चाचणीसाठी मेथाकोलीनची वाफ दिली, तर निरोगी माणसाला जाणवणारही नाही एवढ्या मात्रेनं त्या आकसू शकतात. न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमध्ये 1972-73 साली जन्मलेली मुलं 26 वर्षांची होईपर्यंत संशोधक तपासत राहिले. त्यांतल्या साधारण दर आठांत एकाच्या छातीची घरघर थांबून पुन्हा परतली होती. ज्यांच्या नळ्या हळव्या होत्या, ज्यांना घरातल्या धुळीतल्या किड्यांचं वावडं होतं, त्यांना हा धोका जास्त. जे 21व्या वर्षी सिगारेट ओढत होते, त्यांची घरघर मुळात न थांबण्याची शक्यता जास्त.

सिगारेटचं वाचून माझ्या पोटात गोळा आला. याच वयात कुणीतरी ती पुढे करतं, आणि याच वयात दम्याचा पंप खिशात ठेवायची लाज वाटते. भाच्याला पुन्हा आजारी ठरवावं, असं मला मुळीच वाटत नाही. त्यानं धावावं, गेरीतही जावं. खोकला मात्र लपवू नये, एवढंच मी त्याला सांगत असतो.

परवा त्यानं स्वतःच विचारलं, "मामा, एनसीसीच्या कॅम्पला पंप नेऊ?" ताईनं कपाटातला जुना पंप काढून तारीख पाहिली. मुदत कधीच संपली होती. तिनं लगेच डॉक्टरांना फोन लावला.