कार्ड एक्स्पायर झालंय, मी नाही!

आमच्या बाबांचा माणसांपेक्षा झेरॉक्सवर जास्त विश्वास आहे. निगडी प्राधिकरणातल्या आमच्या घरी, लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात, एक निळी फाइल आहे. तिच्यात १९८४ सालचं कंपनीचं अपॉइंटमेंट लेटर आहे, पहिलं रेशन कार्ड आहे, प्राधिकरणाचं वाटपपत्र आहे, माझं डोमिसाईल सर्टिफिकेट आहे आणि घर बांधल्यापासूनची झाडून सगळी लाइट बिलं आहेत. १९७२ साली स्थापन झालेलं ते प्राधिकरण २०२१ मध्ये विसर्जित होऊन पीएमआरडीए आणि महापालिकेत विलीन झालं. पण बाबांच्या फाइलमध्ये त्याचे गोल शिक्के अजून ठणठणीत आहेत.

लहानपणी मी आणि दादा या फाइलची जाम टर उडवायचो. बाबा शांतपणे म्हणायचे, "हसा. इथं येऊन राहिलेल्या माणसाला कधी ना कधी विचारतातच, तू इथला कशावरून?"

बाबा साताऱ्याकडून आकुर्डीला नोकरीला आले. आमच्या गल्लीत कुणी सोलापूरचं, कुणी जळगावचं, कुणी थेट केरळचं. या पट्ट्यात सगळेच कुठून तरी आलेले. त्यामुळे रेशन कार्ड असो की शाळेचा प्रवेश, 'रहिवासी पुरावा' हा शब्द आम्ही बाराखडीबरोबरच शिकलो. पण तोच शब्द पुढे सातासमुद्रापार माझ्या मागे लागेल, असं तेव्हा कुठे वाटलं होतं?

तर झालं असं. डिसेंबर २०२१ मध्ये माझं लग्न झालं. निगडीतच, साग्रसंगीत. नवरा मूळचा पुण्याचा, पण अमेरिकेचा नागरिक. व्हिसाचे सोपस्कार उरकून ऑगस्ट २०२३ मध्ये मी न्यू जर्सीत एडिसनला पोचले. एडिसन म्हणजे जिथल्या ओक ट्री रोडवर साड्यांपासून समोशांपर्यंत सगळं मिळतं, ते गाव. महिन्याभरात ग्रीन कार्ड हातात पडलं. मैत्रिणींनी व्हॉट्सअॅपवर 'पार्टी कधी?' म्हणून धुमाकूळ घातला. मी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. मुदत फक्त दोन वर्षं!

कारण काय, तर अमेरिकेत पाऊल ठेवलं त्या दिवशी आमच्या लग्नाला दोन वर्षं पूर्ण झालेली नव्हती. कागदासाठी केलेली खोटी लग्नं रोखायला तिकडे १९८६ साली एक कायदा झाला. लग्न दोन वर्षांपेक्षा नवं असेल, तर आधी सशर्त कार्ड. मग ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत नवरा-बायकोने मिळून आय-७५१ हा अर्ज करायचा आणि लग्न खरं आहे हे दाखवून द्यायचं. मी चार महिने उशिरा पोचले असते, तर थेट दहा वर्षांचं कार्ड मिळालं असतं. आणि आम्ही दोघं तर व्हिसा लवकर आला म्हणून पेढे वाटले होते!

आता लग्न खरं आहे हे कसं दाखवणार? निगडीत सातशे माणसं जेवून गेली, हा पुरावा पुरेसा नाही. तिकडे जॉइंट अकाउंटचं स्टेटमेंट लागतं, दोघांच्या नावाचा भाडेकरार, विमा, टॅक्स, लाइट बिल, फोटो. त्यात मी फ्रीलान्स पत्रकार. सॅलरी स्लिप नाही, ऑफिसचं पत्र नाही. एका महिन्यात तीन चेक, पुढच्या महिन्यात फक्त 'लवकरच कळवतो' असे मेल.

खरं सांगायचं तर अर्ज भरायच्या त्या आठवड्यात आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. मला इथे करमत नाही हे मी शंभराव्यांदा म्हटलं आणि तो शंभराव्यांदा गप्प बसला. आठ दिवस अबोला. पण तारीख थांबत नाही ना! त्यामुळे आम्ही दोघं डायनिंग टेबलाच्या दोन टोकांना बसून, एकमेकांशी न बोलता, आमचं लग्न खरं असल्याचे पुरावे लावत होतो. पहिल्या हिवाळ्यातला एक फोटो सापडला. बर्फात माझी चप्पल रुतलीय आणि हा हसून हसून खाली बसलाय. त्याने तो फोटो माझ्याकडे सरकवला. "बूट घाल म्हणालो होतो," एवढंच बोलला. अबोला तिथेच संपला. करमत नाही हा प्रश्न मात्र अजून तसाच आहे.

जून २०२५ मध्ये अर्ज गेला. काही दिवसांत पोचपावती आली, आय-७९७. एक साधा कागद. ना फोटो, ना चिप. त्यावर छापलेलं की तुमच्या कार्डाची मुदत ४८ महिन्यांनी वाढवली आहे, जुन्या कार्डासोबत हे पत्र दाखवल्यास नोकरी आणि प्रवासाला चालेल. पूर्वी ही मुदतवाढ १२ महिन्यांची असायची. अर्जांचे ढीग वाढत गेले तशी २०१८ मध्ये १८ महिने, २०२१ मध्ये २४ आणि जानेवारी २०२३ पासून ४८ झाली. कार्ड दोन वर्षांचं आणि मुदतवाढ चार वर्षांची. सिनेमापेक्षा ट्रेलर मोठा!

ऑगस्टमध्ये कार्ड संपलं. कायद्याने मी तीच, माझा हक्क तोच. फक्त तो हक्क आता एका घडी पडलेल्या कागदावर उभा होता.

आणि दिवाळीनंतरच्या आठवड्यात दादाचा फोन आला. "बाबांच्या छातीत दुखलं. अँजिओप्लास्टी झालीय. घाबरू नको, पण ये."

मी मिळेल ते तिकीट घेतलं. बॅगेत तीन ड्रेस कोंबले. पासपोर्ट घेतला, कार्ड घेतलं. चिंचवडच्या हॉस्पिटलमध्ये बाबांसमोर उभी राहिले, तेव्हा त्यांच्या हाताला सुया, नाकाला नळी. मला वाटलं, आता रडतील. ते म्हणाले, "कागदपत्रं सगळी आणलीस ना?"

तेव्हा मला आठवलं. पत्र टेबलाच्या ड्रॉवरमध्ये राहिलंय!

एडिसनमध्ये मध्यरात्र होती. नवऱ्याने ड्रॉवर उघडला, पत्राचा फोटो पाठवला. पण फोटो म्हणजे मूळ कागद नव्हे. तो नसेल तर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत फॉर्म, फी आणि अपॉइंटमेंट, मग विमानात बसण्यापुरता वेगळा कागद. म्हणजे बाबांना सोडून मुंबईच्या वाऱ्या. नवऱ्याने दुसऱ्याच दिवशी पत्र कुरियर केलं.

पुढचे नऊ दिवस मी बाबांच्या गोळ्यांच्या वेळा आणि कुरियरचं ट्रॅकिंग एवढंच बघत होते. परतीच्या विमानाला चार दिवस उरले असताना स्क्रीनवर झळकलं, 'डिलिव्हर्ड'. घरी मात्र काहीच नाही! पत्त्यात सेक्टर २७ होता, पाकीट गेलं २७ अ मध्ये. प्राधिकरणात राहणाऱ्यांना हे दुःख वेगळं सांगायला नको.

बाबा चप्पल शोधायला लागले. छातीत दोन स्टेंट आणि हा माणूस स्कूटर काढायला निघालेला. आई दारात आडवी उभी राहिली. दादा चाकणला शिफ्टवर. शेवटी मीच अॅक्टिव्हा काढली.

त्याच नंबरच्या बंगल्यात एक काकू होत्या. पाकीट त्यांनी जपून ठेवलं होतं, पण देईनात. "तुझंच आहे कशावरून? काही ओळखपत्र?" गडबडीत पर्स घरी राहिली होती. खिशात होतं फक्त ग्रीन कार्ड. काकूंनी चष्मा लावून ते नीट वाचलं आणि म्हणाल्या, "अगं, हे तर ऑगस्टमध्येच संपलंय!"

हसावं की रडावं कळेना. मग त्यांनी खास निगडीचा प्रश्न विचारला, "कुणाची गं तू?"

मी बाबांचं नाव सांगितलं. कंपनी सांगितली, डिपार्टमेंट सांगितलं. काकूंचा चेहरा उजळला. "अगंबाई, आमच्या ह्यांच्याच शिफ्टला होते की! आता बरं आहे का त्यांना?" पाकीट मिळालं, वर चहा आणि चकल्या. बाबांसाठी बिनमिठाच्या दशम्या दुसऱ्या दिवशी घरपोच!

चार दिवसांनी भक्ती-शक्तीच्या चौकातून मुंबईची कॅब पकडली. बाबा सोडायला आले नाहीत, खिडकीत उभे राहिले. निघताना मला म्हणाले, "हक्क आपल्यापाशी असतो गं. कागद समोरच्यासाठी असतो. त्याला वेळ दे वाचायला."

एअरपोर्टवर काउंटरवरचा मुलगा माझ्याच वयाचा. "मॅडम, तुमचं कार्ड एक्स्पायर्ड आहे." मागच्या रांगेतून सुस्कारे. एरवी माझा आवाज चढला असता. पण त्याचीही बाजू होती. पुरेशा कागदांशिवाय कुणाला अमेरिकेला नेलं, तर दंड विमान कंपनीला बसतो. मी पासपोर्ट, कार्ड आणि पत्र क्रमाने मांडलं. कार्डावरची तारीख आणि पत्रातल्या '४८ महिने' या ओळीवर बोट ठेवलं. त्याने वरिष्ठांना बोलावलं. त्यांनी पत्र वाचलं, उलटवलं, कुठे तरी फोन लावला. वीस मिनिटं. घशाला कोरड पडलेली. मग प्रिंटरची घरघर आणि बोर्डिंग पास.

पलीकडे उतरल्यावर इमिग्रेशन अधिकाऱ्याने पत्रावर एक नजर टाकली आणि म्हणाला, "वेलकम होम." एक मिनिटसुद्धा लागलं नाही. त्या 'होम' शब्दापाशी मी जरा अडखळले, पण बाहेर नवरा माझे बूट घेऊन उभा होता.

घरी पोचून निगडीला फोन केला. बाबा म्हणाले, "तुझ्या पत्राची झेरॉक्स काढून घेतली हो. फाइलला लावलीय."

"कुठे?"

"प्लॉटच्या कागदांना लागून. तोही ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याचाच आहे. त्यालाही मुदत आहे."

माझ्या कागदाची अजून पावणेचार वर्षं बाकी आहेत. या वेळी पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलेलं नाही. ओक ट्री रोडवरून एक निळी फाइल आणलीय.