पळू नकोस, पडशील!

आमच्या घरातलं हे राष्ट्रीय वाक्य. घर म्हणजे मीरा रोडचा चौथ्या मजल्यावरचा वन बीएचके आणि पळणारा म्हणजे माझा चार वर्षांचा पुतण्या.

सबमिशनच्या आदल्या रात्री पठ्ठ्या माझ्या ड्रॉइंग शीटवरून धावला. मी वैतागून त्याच्या हातात मोबाईल दिला. एकदम शांतता! मग काय, व्हायवा असो की झोप, हाच उपाय.

परवा त्याला बागेत नेलं. खाली कंपाउंडमध्ये गाड्याच गाड्या, म्हणून बाग. गेटपर्यंत पोचलो नाही तोच म्हणाला, "काका, उचलून घे ना." चार वर्षांचं पोर दमलं होतं! चर्रर्र झालं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय : तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसाला किमान १८० मिनिटं हालचाल करावी, त्यातली ६० मिनिटं चांगली दमछाक होईल अशी, आणि बसून स्क्रीन पाहणं जास्तीत जास्त एक तास. आमचा हिशोब नेमका उलटा.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं. मुलं शाळेत येईनात, तर त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. आमच्याकडे वाड्या खूप, अंगणच नाही.

शेवटी सेक्रेटरीकाकांना मस्का मारून गच्चीची चावी मिळवली. कठडा उंच आहे, आणि मी असतोच. आता रोज संध्याकाळी पकडापकडी. काल साहेब पडले, गुडघा खरचटला. वहिनी म्हणाल्या, "भावजी, सांगत होते ना!"

तोवर तो उठून पुन्हा पळालासुद्धा.