अनामिक बासरीवादक

ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनामागे बारीक अक्षरांत छापलेली नावे वाचण्याचा मला जुना छंद आहे. दर्शनी बाजूचे नाव सर्वांनाच ठाऊक असते. मागची नावे वाचली म्हणजे गाणे कोणाकोणाच्या खांद्यावर उभे आहे ते कळते. बेलफास्टचा रॉक गायक व्हॅन मॉरिसन याच्या 'अ‍ॅस्ट्रल वीक्स' या १९६८ सालच्या ध्वनिमुद्रिकेतील एक नाव मात्र वेष्टनावर सापडत नाही.

मॉरिसन तेव्हा तेवीस वर्षांचा होता. निर्माते लुईस मेरेन्स्टाइन यांनी त्याच्या साथीला जाझ संगीतात मुरलेले वादक बोलावले : डबल बासवर रिचर्ड डेव्हिस, गिटारवर जे बर्लिनर, व्हायब्राफोनवर वॉरन स्मिथ आणि ड्रम्सवर 'मॉडर्न जाझ क्वार्टेट'चे कॉनी के. २५ सप्टेंबर १९६८ रोजी न्यूयॉर्कच्या सेंच्युरी साउंड स्टुडिओत ध्वनिमुद्रणाला प्रारंभ झाला. मॉरिसन वेगळ्या कक्षात उभा राहून गाऊ लागला. कोणी काय वाजवावे, हे त्याने फारसे सांगितलेच नाही. वादकांनी कान देऊन ऐकले आणि डेव्हिस यांच्या मंद्र स्वरांच्या आधाराने आपापली वाट शोधली. गायक एखादा शब्द पुनःपुन्हा घोळवितो, तेव्हा बास त्याला घाई करीत नाही. साथ म्हणजे आधी ऐकणे, हे मला येथे उमगते.

त्या दिवशी तेथे एक बासरीवादकही होता. मॉरिसनबरोबर आधीपासून वाजविणारा तरुण जॉन पेन नुसताच ऐकत बसला होता. अखेरीस त्याने संधी मागितली आणि शीर्षकगीतात त्याची बासरी उमटली. वेष्टनावर त्याचे नाव आले. त्याआधीच्या गीतांतील बासरी आपली नव्हे, असे पेनने पुढे प्रांजळपणे सांगितले. परंतु ती वाजविणाऱ्याचे नाव कोणी टिपून ठेवलेले नव्हते.

२००८ साली मॉरिसनने लॉस एंजेलिसच्या हॉलीवूड बोलमध्ये हीच गीते पुन्हा सादर केली, तेव्हा बर्लिनर साथीला होते. २०२३ साली डेव्हिस निवर्तले, तेव्हा या ध्वनिमुद्रिकेचे स्मरण झाले. त्या अनामिकाच्या वाट्याला यातले काहीच आले नाही.

नाव गेले तरी कला उरते, असे आपण म्हणतो. हे समाधान ऐकणाऱ्याला स्वस्त आणि वाजविणाऱ्याला महाग पडते. नाव लिहिणे हा उपकार नव्हे, ते देणे आहे. आणि ते वेळीच फेडावे लागते, कारण नंतर शोधूनही ऋणको सापडतो, धनको सापडत नाही. म्हणून वाचकहो, आपल्या समारंभाचा अहवाल लिहिताना पेटी वाजविणाऱ्याचे आणि पडदा ओढणाऱ्याचे नाव त्याच संध्याकाळी विचारून घ्यावे. त्याला एक ओळ पुरते.