उगवतीकडे तोंड करून

काही गाणी ऐकताना उजेड दिसतो. जपानी गायक मोतोहिरो हाता यांचं ‘हिमावारी नो याकुसोकु’ लावलं, की गिटारच्या पहिल्याच झंकाराबरोबर खोलीत कलतं ऊन शिरतं. दाट, पिवळं, जायची वेळ झाली तरी उंबऱ्याशी रेंगाळणारं. सूर्यफुलाचं वचन, असं त्या गाण्याचं नाव. २०१४च्या ‘स्टँड बाय मी डोरेमॉन’ या चित्रपटासाठी ते केलेलं. आपल्याकडे घराघरांत हिंदी बोलणारा तोच डोरेमॉन. त्यात तो आपल्या मित्राचा, नोबिताचा निरोप घेतो तेव्हा पोरांच्या मागे उभी असलेली मोठी माणसंही गप्प होतात.

जपानी गाण्यांत हे फूल फिरून फिरून येतं. मासाहारू फुकुयामा यांनी लिहिलेलं ‘हिमावारी’ २००२ साली आधी कियोशी माएकावा यांनी गायलं, फुकुयामांपेक्षा वीसेक वर्षांनी मोठे, त्यांच्यासारखेच नागासाकीकडचे. पुढच्या वर्षी ते फुकुयामांनी स्वतःच्या गळ्यात घेतलं. मिस्टर चिल्ड्रन या बँडचं ‘हिमावारी’ २०१७चं, आणि ज्या चित्रपटासाठी ते झालं त्यातल्या हसऱ्या मुलीचे दिवस मोजलेले.

इतकं लख्ख उन्हाचं फूल, आणि त्याच्याभोवती एवढा विरह! तिथे ते भर उन्हाळ्यात फुलतं, जुलै-ऑगस्टात, झाडाझाडांतून सिकाडा किड्यांचा कल्लोळ चाललेला असताना, शाळेची सुट्टी बघता बघता ओसरत असताना. आणि त्याच सुमारास येतो ओबोन, गेलेली माणसं चार दिवस घरी येऊन जातात तो सण. अशा ऋतूतलं फूल नुसतं आनंदाचं कसं राहील?

कोवळं असताना सूर्यफूल दिवसभर सूर्यामागे वळतं. पुरतं उमललं की देठ ताठरतो, आणि फूल पूर्वेकडे तोंड करून थांबतं. सूर्य माथ्यावरून मावळतीला निघून जातो. ते वळत नाही.

मला ही सारी गाणी त्या थांबलेल्या फुलाची वाटतात. माझी आत्या अशीच होती. मुलगा परदेशी गेल्यावर तिने कधी त्याच्याकडे जायचा हट्ट धरला नाही. संध्याकाळी ओसरीवर बसायची ती मात्र तो शाळेतून ज्या वाटेने यायचा, त्या वाटेकडे बघत. हाता यांच्या आवाजाला जपानमध्ये पोलाद आणि काचेचा आवाज म्हणतात. तो वर चढतो आणि कडेला किंचित फाटतो, तेव्हा आत्याचं ते बसणं मला उमगतं, तिने एका शब्दाने न सांगितलेलं.

उद्या तिकडे कुणी नवी पोर गिटार घेऊन बसेल आणि आपल्या गाण्याला पुन्हा हेच नाव देईल. द्यावं तिनं. मला ते ऐकायचंच आहे.