हिशेबाचे दुसरे पान

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत चालवणाऱ्या एका घरी २०२३ सालच्या एका रविवारी सकाळी अमेरिकेतून थोरल्या लेकीचा फोन आला. ती आणि तिचे यजमान गेली अठरा वर्षे टेक्सासमध्ये एक लहान किराणा दुकान चालवतात. ख्यालीखुशाली विचारून झाल्यावर ती एकदम म्हणाली, "अण्णा, पुढच्या महिन्यात मी मेक्सिकोला जातेय. वजन कमी करायच्या ऑपरेशनला."

आईच्या हातातले ताट तसेच राहिले. अण्णा क्षणभर थांबले आणि त्यांनी व्यापाऱ्याला सुचणारा पहिला प्रश्न विचारला, "मेक्सिकोलाच का?"

लेकीचे उत्तर तयार होते. तिचे वय ४४, वजन १०२ किलो. मधुमेह सहा वर्षांपासूनचा. रात्री झोपेत श्वास अडखळत असे आणि दुकानात उभे राहून गुडघे झिजत चालले होते. पथ्य, चालणे, उपवास सारे करून झाले होते. दरवेळी दहा किलो उतरत आणि बारा परत चढत. वजन उतरवणारी नवी इंजेक्शने दरमहा हजार डॉलरच्या घरात जात होती. तिच्या विम्यात ना इंजेक्शने बसत, ना शस्त्रक्रिया. अमेरिकेत पदरच्या पैशाने ही शस्त्रक्रिया करायची, तर साधारण १५,००० ते २५,००० डॉलर लागतात. मेक्सिकोच्या सीमेवरील तिहुआना शहरात तीच ४,००० ते ६,००० डॉलरमध्ये होते.

हा फरक ऐकून संशय यावा, हे स्वाभाविक आहे. पण त्यामागे लबाडीच असते, असे नव्हे. तेथे डॉक्टर, परिचारिका यांचे पगार आणि इमारतीचे भाडे अमेरिकेच्या मानाने कमी आहे. काही रुग्णालये हीच एक शस्त्रक्रिया दिवसाला अनेकदा करतात, त्यामुळेही खर्च उतरतो. तिहुआना हे अमेरिकेतील सॅन डिएगो शहराला अगदी लागून आहे. रुग्ण विमानाने सॅन डिएगोला उतरतो, रुग्णालयाची गाडी त्याला सीमेपलीकडे नेते, दोन-तीन रात्री रुग्णालयात आणि एखादी हॉटेलात काढून तो परत येतो. एका रकमेत सारे बसते.

"मग इकडे ये," आई म्हणाली. "पुण्या-मुंबईत होतात की ही ऑपरेशनं. मी आहे ना बघायला."

लेक गप्प राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "आई, तिकडे आले की सगळ्यांना कळेल. लग्नकार्यात सगळे माझ्या ताटाकडेच बघतात. आता म्हणतील, हिला तोंड आवरता आलं नाही म्हणून पोट कापून घेतलं. तिहुआनात मला कोणी ओळखत नाही." दुकान बंद ठेवणे परवडणारे नव्हते, म्हणून ती एकटीच जाणार होती. नणंद न्यू जर्सीत असते, तिलाही काही सांगितले नव्हते.

आईच्या डोळ्यांत पाणी आले. दूरदेशी जाण्याचे खरे कारण निम्मे पैशाचे आणि निम्मे लाजेचे होते, हे तिला तेव्हा कळले.

अण्णा रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "पोरी, तू मला दर सांगितलास. हमाली, तोलाई, गाडीभाडे कुठे आहे? आणि वाटेत तूट आली तर ती कुणाच्या नावावर?"

हळदीच्या धंद्यात हा प्रश्न रोजचा. पोते स्वस्त मिळाले म्हणून सौदा स्वस्त पडत नाही. माल गोदामात पोहोचून विकला जाईपर्यंतचा खर्च मांडला, तरच खरी खरेदी कळते. अण्णांनी तिला हिशेबाचे दुसरे पान लिहायला सांगितले. "ते लिहून झालं की मग जा. मी अडवणार नाही."

ते पान लिहायला तिला पाच आठवडे लागले. ठरलेली तारीख पुढे ढकलावी लागली.

ती ज्या शस्त्रक्रियेला जाणार होती, तिच्यात जठराचा सुमारे ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. भूक जागवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागात तयार होते, म्हणून भूकही मंदावते. उरलेल्या जठराची शिवण क्वचित गळते. ही गळती रुग्ण घरी परतल्यावर, पहिल्या काही आठवड्यांतही उद्भवू शकते. ताप आला, नाडी धावू लागली, तर मेक्सिकोतला डॉक्टर दोन हजार किलोमीटर दूर. ताज्या शस्त्रक्रियेनंतरच्या विमानप्रवासात पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वेगळाच. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एक इशारा दिला होता. तिहुआनात शस्त्रक्रिया करून परतलेल्या काही रुग्णांत बहुतेक प्रतिजैविकांना दाद न देणारा जंतू सापडला होता. त्यांतील बहुतेकांनी वजन कमी करण्याचीच शस्त्रक्रिया करून घेतली होती.

हे वाचून ती घाबरली, पण मागे हटली नाही. वाढता मधुमेह हाही धोकाच होता. तिने प्रश्नांची यादी केली. शल्यविशारदाचा परवाना क्रमांक मागवून तो मेक्सिकोच्या सरकारी नोंदवहीत तपासला. ही नोंद कुणालाही पाहता येते. रुग्णालयात अतिदक्षता विभाग आणि रक्ताची सोय आहे का, शस्त्रक्रियेची कागदपत्रे इंग्रजीत मिळतील का, हे विचारले. दोन ठिकाणांनी उत्तरे टाळून सवलत देऊ केली. ती दोन्ही नावे तिने खोडली. मग आपल्या गावातल्या डॉक्टरांना सारे सांगितले. परतल्यावर तपासण्या करण्याचे आणि गरज पडल्यास पुढे पाठवण्याचे त्यांनी कबूल केले.

जैन घरातील बाईसाठी आणखी काही ओळी वाढल्या. शस्त्रक्रियेनंतरच्या पातळ आहारात रुग्णालये सर्रास मांसाचा रस्सा देतात. तिने मुगाच्या पाण्याची सोय आधी ठरवून घेतली. जीवनसत्त्वांच्या पुष्कळशा कॅप्सूलचे आवरण प्राणिजन्य जिलेटिनचे असते. तिने चघळायच्या शाकाहारी गोळ्या शोधल्या. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांची सोबत जन्मभराची. शाकाहारी माणसात बी-१२ आधीच कमी असते, म्हणून दरवर्षी रक्ततपासणी चुकवायची नाही. रोज साठेक ग्रॅम प्रथिने कांदा, बटाटा टाळून आणि सूर्यास्तापूर्वी पोटात जायची, तर ताक, पनीर आणि डाळींचे वेळापत्रकच करावे लागते.

शेवटी तिने लिहिले: राखीव रक्कम, ६,००० डॉलर. तूट आली तर यातून. शस्त्रक्रियेचा दर होता ५,०००.

पानावरची एक ओळ मात्र रिकामी होती: सोबत कोण? ती भरायला सर्वांत वेळ लागला. एका रात्री तिने नणंदेला फोन केला. नणंद ऐकून घेत राहिली आणि म्हणाली, "वहिनी, हे मला आधी का नाही सांगितलं? तिकीट काढते."

शस्त्रक्रिया सुरळीत झाली. दुसऱ्या दिवशी परिचारिकेने रुग्णालयाच्या लांब ओवरीत चालायला लावले, तेव्हा नणंदेने तिचा दंड धरला होता. राखीव रक्कम वापरावी लागली नाही. अण्णांना ती खर्ची पडली नाही म्हणून नव्हे, ती बाजूला काढलेली होती म्हणून समाधान वाटले.

२०२४ च्या दशलक्षण पर्वात ती सांगलीला आली. वजन २६ किलोंनी उतरले होते, मधुमेहाची एक गोळी बंद झाली होती. पंगतीत अर्धी वाटी आमटी आणि एक पोळी यांवर तिचे जेवण संपले. मामी कौतुकाने म्हणाल्या, "तुझं बरं आहे. रोजच ऊनोदरी तप घडतंय."

पूर्वीची ती असती, तर हसून गप्प बसली असती. आता ती सर्वांसमोर म्हणाली, "मामी, ऊनोदरी म्हणजे भूक असताना दोन घास कमी खाणं. माझी भूक डॉक्टरांनी कमी केली, त्यात माझं पुण्य काही नाही. पण बासुंदी या लहान पोटातूनही सहज उतरते. तिथं मात्र मलाच हात आवरावा लागतो. माझं तप तिथून सुरू होतं." डॉक्टरांनी निर्जळ उपवासाला मनाई केली आहे, हेही तिने सांगितले. आईने तिच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

संध्याकाळी मंदिरातून परतताना ओळखीची एक तरुण सून मागे रेंगाळली. आजूबाजूला कोणी नाही, असे पाहून तिने हळूच विचारले, "ताई, किती खर्च आला हो?"

तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. "दर तुला कुठेही कळेल," ती म्हणाली. "हे दुसरं पान आहे, ते उतरवून घे. आणि सर्वांत शेवटची ओळ आधी भर."